मिटल्या तोंडाचा हत्ती

समुद्रमंथनाला किती फूट दोर लागला असेल, हा प्रश्न आबांनी मला मी नोकरीला लागलो त्याच दिवशी विचारला. भुसावळला रेल्वेचं नकाशांचं ऑफिस होतं. पूल, मोऱ्या, क्वार्टर्स यांचे नकाशे तिथे निघायचे. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांचा, नवाकोरा ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. मी खुर्चीवर नीट टेकलोही नव्हतो, तोच शेजारून, मान वर न करता, हा प्रश्न आला.

“दोर कुठे होता? नाग होता,” मी म्हणालो.

“नागच म्हणतो मी. पण लांबी किती? डोंगराला तीन वेढे धरा. मग इकडे देव, तिकडे दानव. प्रत्येकाला हात ठेवायला दीड फूट तरी जागा पाहिजे. त्यात शेपटी निमुळती. शेवटच्या देवाच्या हातात काय उरतं?”

मला वाटलं, नव्या माणसाची टिंगल चालली आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच हसत नव्हतं. सगळ्यांना सवय झालेली होती.

आबा तेव्हा चाळिशीचे असतील. उंच, किडकिडीत, आणि भुसावळच्या वैशाखातसुद्धा अंगात बंद गळ्याचा कोट. दोन्ही कानांवर पेन्सिली. डाव्या कानावरची कडक, ती दानवांसाठी. उजव्या कानावरची मऊ, ती देवांसाठी. “दानवाची रेघ एका दमात येते,” ते म्हणायचे, “देवाची खोडून खोडून काढावी लागते.” कोटाच्या खिशात मोजपट्टीची गुंडाळी. गणपतीत आरास बघायला गेले तर आधी सोंडेचं माप घ्यायचे, मग नमस्कार. एकदा बैराग्यांचा एक हत्ती गावात आला होता. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्याची सोंड मोजायला लागले. माहूत वरून म्हणाला, “साहेब, विकत घ्यायचाय का?” आबांनी गंभीरपणे सांगितलं, “नाही. गळ्यापर्यंत पाणी असेल तर सोंड किती वर निघते, तेवढं पाहतोय.”

ऑफिसातला नकाशा आम्ही पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचो. मग ते कापड आणि मसाला लावलेला कागद काचेच्या चौकटीत घालून गच्चीवर उन्हात ठेवायचा. थोड्या वेळाने कागद पाण्यात धुतला की गर्द निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत. भुसावळच्या उन्हाला सगळं गाव शिव्या द्यायचं. आबा एकटे त्याच्यावर खूश असत. रविवारी ते स्वतःचा कागद, स्वतःची शाई घेऊन घराच्या गच्चीवर बसत आणि उन्हाकडून पुराणं छापून घेत.

कारण मला महिन्याभराने कळलं. त्यांनी घरी जेवायला बोलावलं होतं. रेल्वे कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. घरात त्यांची विधवा बहीण, अक्का. आणि सहा वर्षांची मुलगी. बायको मुलीच्या बाळंतपणातच गेलेली. मुलगी दारात उभी होती. मी तिला नाव विचारलं. ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली.

“तिले ऐकू येत नयी, भाऊ,” अक्का म्हणाल्या. “जन्मापासून. म्हनून बोलत बी नयी.”

तिला हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून घरात तिचं नाव कोणी घेतच नसे. आबांनी तिला एक चित्रातलं नाव दिलं होतं. खार. दोन रेघांत शेपटी, एका ठिपक्यात डोळा. ज्या कागदाच्या कोपऱ्यात खार असेल तो तिचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आम्हीही तिला खारच म्हणू लागलो.

पूर्वी संध्याकाळी गल्लीतली पोरं देवळात पुराण ऐकून यायची आणि अंगणात देव-राक्षस खेळायची. खारीला आज कोण देव आणि कोण राक्षस हे कळायचं नाही. ती मध्ये उभी राहायची आणि दोन्हीकडून मार खायची. एकदा कपाळ फोडून घेऊन आली, आणि आबांच्या पुढ्यात बसून दोन्ही तळवे वर करून विचारलं, का? त्या रविवारी आबांनी पहिला कागद काढला. बारा चौकोन, एका चौकोनात गोष्टीचं एक पाऊल. अक्षर एकही नाही. मुलगी पहिल्या चौकोनावर बोट ठेवायची, बाराव्यापर्यंत सरकवायची, आणि परत पहिल्यावर यायची. चार-सहा महिन्यांत गल्लीतला खेळ तीच लावू लागली. कोणी चुकलं की धावत जाऊन कागद आणायची आणि चौकोन दाखवायची.

आबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यांचा समुद्र म्हणजे पुरातली तापी. त्यांचा पर्वत म्हणजे यावलहून दिसणारा सातपुडा. वानरं केळीच्या बागेत राहायची, आणि यम हुबेहूब आमच्या हेडक्लार्कसारखा दिसायचा. हेडक्लार्कला ते कोणीतरी सांगितलं. तो येऊन पाहून गेला आणि म्हणाला, “रेडा बरा काढलाय.”

हे सगळं सुखाचं होतं. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे सांगण्यासारखं सुख नाही.

खार आठ वर्षांची असताना आबांनी तिला हत्तीची गोष्ट काढून दिली. हत्ती तळ्यात उतरतो, मगर त्याचा पाय धरते, हत्ती देवाचा धावा करतो आणि देव धावत येतो. सोमवारी आबा ऑफिसात आले ते नुसते बसून राहिले. दुपारी मला म्हणाले, “तिने काय केलं सांगू?” आणि त्यांनी करून दाखवलं. तिने हत्तीच्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं. मग देवाच्या पायांवर. मग स्वतःच्या तोंडावर. तोंड उघडलं, मिटलं, आणि पंजा हलवला. नाही.

मला कळायला वेळ लागला.

“हत्तीने हाक मारली म्हणून देव आला,” आबा म्हणाले. “मला हाक मारता येत नाही. मग माझ्याकडे येईल का? असं विचारलं तिने.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगू? मी सगळी चित्रं पुन्हा पाहिली. खांबातून देव काढणारा पोरगा, तो हाक मारतो. भर सभेत उभी केलेली राणी, ती हाक मारते. सगळ्यांची तोंडं उघडी. मीच काढलेली.”

पुढचे तीन महिने त्यांनी ती तोंडं मिटवली. एकेका कागदावर नव्याने. हत्ती आता तोंड मिटून सोंडेत एक कमळ उंच धरायचा. पोरगा खांबावर तळवा टेकवायचा. राणी एक हात वर करायची. देव प्रत्येक वेळी येत होता. मात्र तो आता पाहून येत होता.

अक्कांना ते सहन झालं नाही. “अरे आबा, देवाचं असं बदलवू नये. पाप लागते.”

“लागू दे. मला लागेल, तिला नाही ना?”

“अन् खरं काय हाये ते कोनाले इचारलं तू?”

हा प्रश्न मात्र आबांच्या मनात बसला. ते खरं काय आहे हे विचारायला माणूस शोधू लागले. खार नऊची झाली त्या वर्षी श्रावणात जळगावला एका मोठ्या पुराणिकबुवांचा सप्ताह होता. शेवटच्या दिवशी आबांनी खारीला पिवळं परकर-पोलकं घातलं, मलाही बरोबर घेतलं, आणि आम्ही सकाळच्या पॅसेंजरने जळगावला गेलो.

मांडवात चार-पाच हजार माणूस असेल. आम्ही पुरुषांच्या बाजूला, पुढून दहाव्या-बाराव्या ओळीत बसलो. बुवांनी नेमकी हत्तीचीच कथा लावली. धावा आला तेव्हा सगळा मांडव टाळ्या वाजवून देवाचं नाव घेऊ लागला. आबा उठले. जाताना खारीचा हात माझ्या हातात दिला. म्हणाले, “हिच्याकडे बघा.”

ते थेट व्यासपीठापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, “महाराज, एक शंका आहे. ज्याला हाक मारता येत नाही, त्याच्याकडे देव येतो का?”

बुवांना प्रश्न नीट समजला नाही. त्यांना वाटलं, नास्तिक माणूस आहे, हाक मारायला लाजतो. ते म्हणाले, “मुखाने नाम न घेणाऱ्याचा जन्म व्यर्थ.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, “मुखच नसलं तर?” बुवा चिडले. दोन स्वयंसेवकांनी आबांना दंडाला धरलं. मागचे लोक उठून ओरडू लागले, खाली बसा, बाहेर काढा. मी आबांना सोडवायला उभा राहिलो. दोन पावलं पुढे गेलो. तिचा हात मी सोडला, की तिने सोडवून घेतला, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

तिला काय दिसलं असेल, याचा विचार मी पुढे खूप केला आहे. तिला एकही शब्द ऐकू येत नव्हता. चहूबाजूंनी उघडी तोंडं, आणि मधोमध बापाला ओढणारे हात. मी मागे वळलो तेव्हा ती नव्हती.

संध्याकाळपर्यंत आम्ही मांडव, बाजार, विहिरी धुंडाळल्या. ध्वनिक्षेपकावरून तिचं वर्णन पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. ते तिला ऐकू येणार नव्हतं. स्टेशनवर एका हमालाने सांगितलं, “पिवळा परकरवाली पोर ना? एकलीच व्हती. चार वाजता सुरतनी गाडीमा बसनी.” ती घरी जायला निघाली होती. स्टेशनची वाट तिने लक्षात ठेवली होती. फक्त गाडी उलटी होती.

तारा गेल्या, पोलिसांत वर्दी गेली. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. कुठे कोणी तिला उतरताना पाहिलं नव्हतं. आम्ही पंधरा दिवस त्या लाइनीवर हिंडलो. आबा मला एकदाही काही बोलले नाहीत. मी एकदा म्हणालो, “आबा, हात माझ्या हातात होता.” ते म्हणाले, “प्रश्न विचारायला मी उठलो.” आणि तो विषय त्यांनी कायमचा मिटवला. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोळाव्या दिवशी ते कामावर आले, आणि त्या रविवारी गच्चीवर बसले. हत्तीचीच गोष्ट, पण अकराच चौकोनांत. बाराव्या चौकोनात एक स्टेशन, एक बाक, बाकावर नऊ वर्षांची मुलगी, आणि येणाऱ्या गाडीच्या दारात कोट घातलेला उंच माणूस. कोपऱ्यात खार. त्याचा अर्थ असा, की इथेच बसून राहा, मी येतोय. या कागदाच्या त्यांनी निळ्या प्रती काढल्या आणि सुरतेच्या लाइनीवर प्रत्येक स्टेशनात एकेक लावली. चार खिळे, चार कोपरे. जमेल तो प्रत्येक रविवार, प्रत्येक सुट्टी ते त्या लाइनीवर असत. ऊन-पावसाने कागद विटला की नवा लावायचे. पुढे चाळीसगाव-धुळे फाट्यावरही लावले. न जाणो, कोणी तिला धुळ्याला नेलं असलं तर.

त्यातून एक निराळंच झालं. स्टेशनांवर पोरं जमू लागली. अमळनेरच्या एका मास्तरांचं पत्र आलं, की आमच्या शाळेची मुलं मधल्या सुट्टीत आपलं चित्र पाहायला जातात, तोंडी सांगून जे कळत नव्हतं ते त्यांना कळलं, आपण धर्माची मोठी सेवा करीत आहात. आबांनी ते पत्र मला दाखवलं आणि विचारलं, “यात कुठे लिहिलंय का, मुलांत एखादी न बोलणारी आहे म्हणून?” नव्हतं. त्यांनी पत्र घडी करून टाकून दिलं.

मग एक प्रकाशक आले. पुराणातल्या गोष्टींचं मुलांसाठी सचित्र पुस्तक काढायचं होतं. आबा लगेच तयार झाले. स्टेशनपर्यंत न येणाऱ्या घरांतही पुस्तक जाईल, हा त्यांचा हिशेब. त्यांनी बारा गोष्टी दिल्या. पाच महिन्यांनी प्रकाशक नमुन्याचे कागद घेऊन ऑफिसात आले. चित्रं दुसऱ्या कोणी तरी पुन्हा काढली होती. गुलाबी गाल, मखमली शेले, तापीच्या जागी खराखुरा निळा समुद्र. चौकोनांखाली मजकूर. हत्तीने मोठ्ठं तोंड उघडलं होतं. कोपऱ्यातली खार कोणाला तरी डाग वाटली असावी. ती नव्हती.

आबांनी सगळे कागद सावकाश पाहिले. “हे तिला वाचता येणार नाही,” ते म्हणाले.

“अहो, पण बाकीची मुलं? ती तर वाचतील ना?” प्रकाशक कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

“त्यांना वाचून दाखवणारं कोणी आहे,” आबा म्हणाले, आणि आपले मूळ कागद परत मागून घेतले.

तिसऱ्या वर्षी अमळनेरच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनातून कागद नाहीसा झाला. आबांनी नवा लावला. पुढच्या वेळी तोही गेला. त्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवलं. कागद फाडलेला नव्हता. चारही खिळे अलगद उपसून खाली बाकावर एका ओळीत मांडून ठेवले होते.

“कोण करील असं?” आबांनी एक खिळा उचलून माझ्यापुढे धरला. “खिळा फेकायचा नाही, सरळ करून ओळीत ठेवायचा, हे मी तिला शिकवलंय. ती येते इथे. मी नसताना येते. कोणीतरी तिला धरून ठेवलं असेल, बसू देत नसतील. पण ती कागद घेऊन जाते.”

पुढच्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तसंच झालं. इतक्या वर्षांत आबा पहिल्यांदा पोटभर जेवू लागले. अक्का मला म्हणाल्या, “भाऊ, मले त भेव वाटते. नुसत्या खिळ्यावर मानूस कसा जगीन?”

पाचवा कागद लावून आल्यावर आबा तापाने आडवे झाले. पाळत ठेवायला मला जायला सांगितलं. मी त्या स्टेशनावर सकाळपासून बसलो. पावसाळ्याचे दिवस. दुपारी आभाळ भरून आलं, तशी फलाटावर पेरू विकणारी एक बाई टोपली खाली ठेवून उठली. भिंतीपाशी गेली, खिळे एकेक करून काढले, बाकावर ओळीने ठेवले, कागद पदराखाली घेतला आणि लाइनीपलीकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो. एका खोलीचं कुडाचं घर. आत भिंतीवर चार निळे कागद शेजारी शेजारी लावलेले, आणि त्यांच्यापुढे चार पोरं.

मला पाहून बाई घाबरली. “काय चुकनं का, भाऊ? पानीमा कागद सडी जास, म्हनीसन मी आनस. खिळा नही आनत मी. सरकारी शेतस ना? बठ्ठा तठेच ठेवस.” पावसात कागद सडतो म्हणून ती तो घरी आणत होती, आणि सरकारी म्हणून सगळे खिळे तिथेच ठेवत होती.

पोरांना भीती नव्हती. त्यांनी मला बसवलं आणि गोष्ट सांगितली. थोरला चौकोनांवरून बोट फिरवत होता. हत्ती, मगर, कमळ, देव. त्यांच्या घरात कोणालाच अक्षर येत नव्हतं, आणि गोष्टीत एकही चूक नव्हती. बाराव्या चौकोनापाशी सगळ्यात धाकटी म्हणाली, “आनी हाई पोर वाट दखी राहिनी.”

“कोणाची?” मी विचारलं.

“तिना बापनी. दख ना, तो ऊना.” तिने गाडीच्या दारातल्या माणसावर बोट ठेवलं.

मी तिथून उठलो. दारात बाईला एवढंच म्हणालो, “मावशी, पुन्हा काढू नका तो कागद. एका माणसाचा जीव आहे त्यात.” तिने कानाला हात लावले. आता हात लावणार नाही म्हणाली. पदराखालचा कागद मी परत नेऊन त्याच खिळ्यांनी भिंतीवर ठोकला.

भुसावळला आबा उशीला टेकून बसले होते. “कोण होतं?”

वाटेत मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं. म्हणालो, “कोणी दिसलं नाही, आबा.”

“तुम्हाला पाहून लपली असेल,” ते म्हणाले, आणि समाधानाने डोळे मिटले.

मी काय करून बसलो हे मला दोन महिन्यांनी कळलं. ताप उलटून उलटून येत होता, आबा उठले तेव्हा दसरा जवळ आला होता. आम्ही दोघं त्या स्टेशनात उतरलो. कागद भिंतीवरच होता. पाण्याने ओघळलेला, पांढुरका पडलेला, चारही खिळे गंजून जागच्या जागी. बाईने शब्द पाळला होता.

आबा कागदापुढे बराच वेळ उभे राहिले. पेरूवाली लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. आबा म्हणाले, “सगळा पावसाळा गेला. तिने काढला नाही.” मग नखांनी खिळे उपसले. “आता ती नाही.”

मी तेव्हाही बोललो नाही. परतीच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनात उतरून त्यांनी आपले कागद काढले. मी पुढच्या गाडीची वाट पाहत शेजारी बसायचो आणि बोलायचो नाही.

आठवड्याने त्यांनी तापीवर जायचं ठरवलं. तिच्या नावाने पाणी सोडायचं होतं. भटजी म्हणाले, हरवलेल्या माणसासाठी बारा वर्षं थांबायचं असतं. आबा म्हणाले, “मला पुरावा मिळालाय.” सकाळची वेळ होती. आबा गुडघाभर पाण्यात उभे, हातात दर्भ, भटजी काठावरून काही सांगत होते. आणि तिथे, सर्वांत नको त्या वेळी, माझ्या तोंडून निघालं, “आबा, थांबा. ते कागद खारीने काढले नव्हते.”

मी सगळं सांगितलं. बाई, पोरं, पाऊस, आणि मी तिला काय बजावलं ते. आबा न वळता ऐकत होते.

“चारही कागद तिच्याच घरात?”

“हो.”

“पहिलासुद्धा?”

“हो. म्हणजे आबा, खार दुसरीकडे कुठे तरी असेल. जिवंत असेल.”

“असेल,” ते म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे तिने एकसुद्धा चित्र पाहिलं नाही.”

एवढी एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. मुलगी गेली, पण बापाने मांडलेलं तिने चार वेळा वाचलं होतं. तेही मी काढून घेतलं.

भटजींनी विचारलं, “पुढे म्हणायचं ना?” आबांनी मूठ उघडली. दर्भ वाहून गेला. ते पाण्याबाहेर आले आणि कोट घालू लागले. अक्कांनी दाराशी पाण्याचा तांब्या आणि कडुनिंबाचा पाला ठेवला होता. आबा त्याला न शिवता आत गेले. अक्कांनी मला विचारलं, “झालं का, भाऊ?” मला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही.

नंतर मी त्यांच्या मागे लागलो. पुन्हा कागद लावू, मी प्रत्येक रविवारी येतो, बडोद्यापर्यंत जाऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आता ती तेराची झाली असेल,” ते म्हणाले. “बाकावर बसवलेली पोर नऊची आहे. ती स्वतःला ओळखणार नाही. आणि तेराची काढायची तर तिची उंची किती, वेणी कुठवर येते, मला काय माहीत? माप कुठून आणू?”

त्यानंतर त्यांनी देव काढला नाही, की दानव. पूल आणि मोऱ्या काढल्या, त्याही बिनचूक. जुने कागद त्यांनी एका गठ्ठ्यात बांधून त्या पेरूवालीच्या पोरांना पाठवले. मीच नेऊन दिले. पोरं नाचली. मी ते आबांना सांगितलं, तेव्हा ते फक्त “बरं” म्हणाले.

अशी चार वर्षं गेली. शिरगणतीच्या आधी घरांची यादी करायला शाळामास्तर कॉलनीत हिंडत होते. मी आबांकडे बसलेलो असताना एक तरुण मास्तर दारात आले. त्यांनी खडूने चौकटीवर आकडा घातला आणि वही उघडून विचारलं, “घरात माणसं किती?”

अक्कांनी आबांकडे पाहिलं. आबा चौकटीवरचा आकडा पाहत राहिले. मास्तरांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

“तुम्हाला काय दिसतंय?” आबा म्हणाले.

मास्तरांनी आत नजर टाकली. माझ्याकडे पाहून विचारलं, “हे इथेच राहतात?” मी नाही म्हणालो. त्यांनी दोन लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेले.

आबा उठले. अनवाणीच फाटकापर्यंत गेले, फाटकावर हात ठेवून उभे राहिले. मास्तर एकेक घर करत गल्लीच्या टोकाला गेले, वळले, दिसेनासे झाले. दोनाचे तीन करायला आबांनी त्यांना हाक मारली नाही. मग आबा आत आले, खाली बसले, आणि अक्कांना म्हणाले, “चहा ठेव.”